धानाच्या राजधानीतले मेन्यूकार्ड

रायपूरमध्ये बाहेर जेवायचे ठरवले तर आज पर्यायांना तोटा नाही. जी. ई. रोडवरच्या तारांकित हॉटेलांत इटालियनपासून थायपर्यंत सारे मिळते. ज्याला अख्खे गाव मरीन ड्राइव्ह म्हणते त्या तेलीबांधा तलावाच्या काठी संध्याकाळी मोमो, चाट आणि डोशाच्या गाड्यांपुढे गर्दी असते. विमानतळाकडे जाणाऱ्या व्हीआयपी रोडवर एकामागून एक कॅफे आणि बागेतली हॉटेले आहेत. जुन्या शहरात पोहे-जिलबीचे ठेले सकाळी सहाला पेटतात. या सगळ्या पसाऱ्यात एक गोष्ट वर्षानुवर्षे मिळत नव्हती आणि आजही शोधून काढावी लागते. ती म्हणजे छत्तीसगडी जेवण. ज्या राज्याला देशभर 'धान का कटोरा' म्हणून ओळखतात, त्याच्या राजधानीत इथल्या माणसाचे रोजचे ताट हॉटेलात मिळू नये, याची मला सतत खंत वाटते. असे का झाले आणि आता काय बदलते आहे, हे नीट पाहण्यासारखे आहे.

सुरुवात शहरात कोण कधी आले इथून करावी लागते. 1818 मध्ये इंग्रजांच्या हाती कारभार गेल्यावर मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आले. पुढे 1880 च्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वे पोहोचली आणि रायपूर कलकत्ता-मुंबई वाटेवरचे गाव झाले. रेल्वेबरोबर कच्छी कंत्राटदार, बंगाली कारकून आणि तेलुगू कामगार आले. धान्याच्या आणि कापडाच्या व्यापाराबरोबर मारवाडी, गुजराती आले. फाळणीनंतर सिंधी आणि पंजाबी कुटुंबे इथे वसली. 1964 च्या सुमारास पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची मोठी छावणी शहराजवळ मानाला उभी राहिली. शेजारी भिलाईत सोव्हिएत मदतीने पोलाद कारखाना उभारला गेला, 1959 मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि केरळपासून पंजाबपर्यंतचे कामगार या पट्ट्यात आले. रशियन तज्ज्ञ तर कुटुंबकबिल्यासह येऊन राहिले.

जो गाव सोडून येतो त्याला बाहेर जेवावे लागते. जो आपल्या गावात असतो तो घरी जेवतो. रायपूरची हॉटेले परगावाहून आलेल्यांनी परगावाहून आलेल्यांसाठी काढली. छत्तीसगडी माणूस बाजाराला शहरात आला तर घरून बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला रात्रीचा भात, बांधून आणायचा, फार तर एखादा भजिया आणि चहा घ्यायचा. त्याच्या जेवणाला गिऱ्हाईक नव्हते, कारण ते खाणारा प्रत्येक जण ते घरी खात होता. भांडवल मारवाडी, जैन, गुजराती मंडळींकडे असल्याने शुद्ध शाकाहारी पाट्यांची संख्या इथे मोठी आहे. ग्रामीण छत्तीसगड मासे, कोंबडी, बोकड आवडीने खातो, हे या पाट्यांवरून कोणाच्या ध्यानातही येणार नाही. एम. जी. रोडवरचे मंजू-ममता किंवा गिरनार ही नावे इथल्या दोन-तीन पिढ्यांना कुटुंबासह जेवायची जागा म्हणून ठाऊक आहेत. पनीर, डोसा, चाऊमीन आणि थाळी एकाच कार्डावर ठेवायची रीत अशाच हॉटेलांनी रुजवली.

इंडियन कॉफी हाउसची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करायला घेतली तेव्हा 1957 मध्ये ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. जबलपूरच्या संस्थेकडे मध्य प्रदेश आणि आजच्या छत्तीसगडातली कॉफी हाउसे आली. रायपूर आणि भिलाईत त्यांनी एका अख्ख्या मध्यमवर्गाला काट्या-चमच्याने कटलेट खायला शिकवले. वाढणारा माणूस स्वतः संस्थेचा सभासद असतो, त्यामुळे तो गिऱ्हाइकापुढे लाचार होत नाही की त्याच्यावर खेकसत नाही. पत्रकार, वकील, विद्यार्थी एका कॉफीवर तासभर बसले तरी त्यांना कोणी उठवत नाही. आजच्या चकचकीत कॅफेंची गर्दी पाहूनही मला वाटते की, बाहेर बसून खाण्याची सभ्य सवय या शहराला कॉफी हाउसने लावली, आणि ते श्रेय अजून कोणी त्याला मोकळेपणाने दिलेले नाही.

आता आपल्या मराठी माणसांकडे वळू. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकाच्या मध्यावर इथे आली. बिंबाजी भोसल्यांनी 1758 ते 1787 या काळात रतनपुरातून कारभार केला. पुढे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात रायपूर राहिले आणि शिक्षक, वकील, महसुली कर्मचारी म्हणून मराठी घरे तात्यापारा, बुढापारा भागांत स्थिरावली. 1900 मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढणारे माधवराव सप्रे आणि त्यांचे सहकारी वामनराव लाखे ही दोन्ही नावे आज शाळेला आणि वस्तीला लागलेली आहेत. महाराष्ट्र मंडळ 1935 पासून उभे आहे. म्हणजे मराठी माणूस इथे अडीचशे वर्षे राहतो आहे. तरीही रायपूरच्या हॉटेलांच्या यादीत मराठी जेवण हा ठळक रकाना कधी झाला नाही. वडापाव आणि मिसळ मिळते, पण ती मुंबईची फॅशन म्हणून, अलीकडे आलेली. पुरणपोळी, वांग्याचे भरीत, गोळाभात हे सारे घरात आणि मंडळाच्या सणासमारंभात राहिले.

याचे कारण छत्तीसगडी जेवणाच्या कारणाशी जुळते. इथला मराठी माणूस नोकरीवर आला तो बिऱ्हाड घेऊन. त्याला खानावळ लागली नाही आणि हॉटेल काढणे हा त्याचा पेशा नव्हता. उलट मुंबईत गिरणी कामगार कोकणात कुटुंब ठेवून एकटा आला, म्हणून तिथे खानावळ जन्मली आणि बायकांनी ती चालवली. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा घरगुती मराठी जेवण हाही एक धंदा आहे, हे बँकांना पहिल्यांदा मान्य करावे लागले. रायपुरात तशी गरज निर्माण झाली नाही. मात्र एक देवाणघेवाण चालू आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष नसते. महाराष्ट्रात सकाळी ज्या पोह्यांना फोडणी पडते त्यांतले कितीतरी पोहे रायपूरच्या उत्तरेला असलेल्या भाटापाऱ्याच्या गिरण्यांतून येतात. पुण्या-मुंबईच्या पोह्यांचे कौतुक करताना भाटापाऱ्याचे नाव घेतलेले मी फारसे ऐकलेले नाही.

1 नोव्हेंबर 2000 ला राज्य झाले आणि रायपूरचे रूप पालटले. मंत्रालय, कंपन्यांची कार्यालये, मग 2010 मध्ये आयआयएम, 2012 मध्ये एम्स, मॉल, नवा रायपूरचे क्रिकेट मैदान आणि तिथे 21 जानेवारी 2023 ला झालेला भारत-न्यूझीलंड एकदिवसीय सामना. मोठ्या साखळ्यांची हॉटेले याच काळात आली. हयात आणि कोर्टयार्ड बाय मॅरियट ही नावे रायपूरच्या पत्त्यावर दिसू लागली. पिझ्झा, बर्गर आणि बार्बेक्यूच्या देशव्यापी साखळ्या मॉलमध्ये शिरल्या. मग मोबाइलवरून घरपोच मागवण्याचे दिवस आले आणि टेबल-खुर्ची नसलेली, फक्त स्वयंपाकघर असलेली हॉटेलेही निघाली.

या परदेशी जेवणाचा दर्जा कसा, असे विचारले तर माझे उत्तर मिश्र आहे. चिनी जेवण म्हणून जे मिळते ते भारतीय चिनी. कलकत्त्याच्या हक्का चिनी कुटुंबांनी त्याचा पाया घातला आणि मांचुरियनचे श्रेय 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करणाऱ्या नेल्सन वँग यांना दिले जाते. तो आता आपलाच पदार्थ आहे आणि रायपूरच्या ठेल्यांवर तो बऱ्याचदा मोठ्या हॉटेलांपेक्षा चांगला मिळतो, कारण तिथे लोखंडी कढई लालबुंद तापलेली असते. इटालियन आणि मेक्सिकन मात्र बहुतेक ठिकाणी चीज आणि तयार सॉसच्या जोरावर उभे आहे. पास्ता मऊ शिजवून मागणारे गिऱ्हाईक असले की आचारी तरी काय करणार? तारांकित हॉटेलांतले थाय किंवा इटालियन बरे असते, पण ते रोजच्या खिशाचे नाही.

उलट दाल-पकवान, इडली-डोसा, बंगाली मिठाई, कच्छी फरसाण या शहरात उत्तम मिळते. इतक्या वर्षांत मला याचे एकच कारण पटले आहे. त्या त्या पदार्थाचा जाणकार खाणारा गावात राहतो. सिंधी आजोबा रविवारी सकाळी दाल-पकवान खायला येतात आणि पकवान खुसखुशीत नसेल तर तोंडावर सांगतात. मेक्सिकन जेवणाला रायपुरात असा कोणी आजोबा नाही. जाणकार गिऱ्हाईक जितके जवळ, तितके स्वयंपाकघर सावध.

हाच नियम लावला तर छत्तीसगडी जेवण इथे सर्वांत उत्तम मिळायला हवे होते, कारण त्याचे जाणकार लाखांनी आहेत. हॉटेलवाल्याला भीती नेमकी त्याचीच वाटते. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या जिभेवर आईच्या हातचा फरा असतो, आणि जे घरी फुकट मिळते त्याचे पैसे द्यायला तो तयार होत नाही. त्यात हॉटेलच्या स्वयंपाकघराची अडचण आहे. उत्तर भारतीय हॉटेल दोन-तीन तयार रश्श्यांवर चालते: एक कांदा-टोमॅटोचा, एक काजूचा पांढरा, एक मखनी. सकाळी पातेली भरली की रात्रीपर्यंत पंधरा मिनिटांत कोणतीही भाजी टेबलावर जाते. छत्तीसगडी पदार्थ या पद्धतीत बसत नाहीत. फरा म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वळ्या वाफवून त्यांना तीळ-मिरचीची फोडणी द्यायची. थोडा वेळ गेला की त्या कडक होतात. अंगाकर रोटी पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यावर सावकाश भाजावी लागते. विदर्भातल्या पानग्याची ती सख्खी बहीण. इडहर करायला अळूच्या पानांना उडदाचे वाटण लावायचे, गुंडाळ्या वाफवायच्या, कापून तळायच्या आणि मग कढीत सोडायच्या. भाज्या तर हंगामाच्या आणि दिवसाच्या: चेच, अमारी, बोहार, लाल भाजी. सकाळी खुडलेली संध्याकाळी माना टाकते. हॉटेलांतले आचारी ओडिशा, उत्तराखंड, नेपाळकडून आलेले. त्यांच्या हाताला या कामाचे वळण नाही.

म्हणूनच या प्रश्नाला पहिले खरे उत्तर हॉटेल व्यवसायाबाहेरून आले. राजनांदगावच्या महंत घासीदासांनी 1875 मध्ये सुरू केलेल्या रायपूरच्या संग्रहालयाच्या आवारात 2016 मध्ये गढकलेवा हे उपाहारगृह सुरू झाले. चालवणाऱ्या महिला बचत गटाच्या, रांधणाऱ्या बायकाच, भिंतींवर लोककला, आणि फळ्यावर चीला, फरा, मुठिया, चौसेला, बफौरी, ठेठरी, खुरमी, अइरसा, देहरौरी. मराठी माणसाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. चीला हे तांदळाचे धिरडे, अइरसा हा आपल्या अनारशाचा भाऊबंद, आणि पोळ्याला, ज्याला इथे 'पोरा' म्हणतात, मातीच्या बैलांपुढे ठेठरी-खुरमी ठेवतात. गढकलेवा लगेच गजबजले. शेजारच्या सरकारी कार्यालयांतले कर्मचारी, महाविद्यालयातली मुले, बाहेरगावचे पाहुणे सारे तिथे येऊ लागले, आणि पुढे सरकारने हीच योजना जिल्ह्याजिल्ह्यात नेली.

मी या प्रयोगाला फार मोठा मानतो, आणि म्हणूनच त्याच्या उणिवाही बोलायला हव्यात. गढकलेव्याचा भर फराळावर आहे, संपूर्ण जेवणावर कमी. पदार्थ शाकाहारी. सणाचे गोडधोड आणि तळणीचे पदार्थ पुढे, रोजची भाजी-कढी मागे. शिवाय सरकारी आवारात आणि स्वस्त दरात मिळाल्यामुळे हे जेवण म्हणजे बचत गटाचा उपक्रम, अशी समजूत पक्की होण्याचा धोका आहे. बटर चिकनला उपक्रम म्हणत नाहीत, ते जेवण असते. छत्तीसगडी ताटाला तोच मान आणि तोच भाव मिळाला पाहिजे, आणि तो भाव रांधणाऱ्या बायकांच्या हातात पडला पाहिजे.

मानाची गोष्ट निघाली की बासीकडे यावेच लागते. रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवायचा आणि सकाळी कांदा, हिरवी मिरची, पतालची म्हणजे टोमॅटोची चटणी, असेल तर दही किंवा भाजी यांच्यासोबत खायचा. उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्याला पोटाला थंडावा देणारे याहून चांगले अन्न नाही. पण शहरात आलेला माणूस ते खातो हे सांगायला लाजत असे. ती गरिबीची खूण मानली जाई. 2022 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी 1 मेच्या कामगार दिनी सर्वांनी बोरे-बासी खावी असे आवाहन केले आणि अधिकारी, आमदार बासीच्या वाट्या घेऊन फोटोत दिसू लागले. त्यात राजकारण होते, हे उघड आहे. पण ज्या आईने मुलाला डब्यात बासी न्यायला बंदी केली होती तिला त्या दिवशी काय वाटले असेल, याचा विचार केला की मला तो दिवस महत्त्वाचा वाटतो. शेजारी ओडिशात पखाळाचा दिवस आधीपासून साजरा होतो. बंगालचा पांता भात तर 2021 मध्ये किश्वर चौधरी यांनी ऑस्ट्रेलियाच्या मास्टरशेफच्या अंतिम फेरीत वाढला आणि त्या तिसऱ्या आल्या. भिजवलेल्या भाताला जगाच्या टेबलावर जागा आहे. रायपूरच्या तारांकित हॉटेलाच्या नाश्त्याच्या मांडणीत मात्र कॉर्नफ्लेक्सशेजारी बासीचे गाडगे अजून नेहमीचे झालेले नाही.

मांसाहाराचा भाग त्याहून मागे आहे. बस्तरचे ताट म्हणजे आंबट आमत, कोवळ्या बांबूचा बास्ता, सुकी मासळी, लाल मुंग्यांची चापडा चटणी, आणि पावसाच्या पहिल्या सरींनंतर सालवनाच्या मातीतून निघणारा बोडा. बोड्याचा भाव मटणाला मागे टाकतो आणि जाणकार घरे तो हट्टाने विकत घेतात. चापडा मात्र रायपुरात बहुधा एखाद्या महोत्सवात, पाहुण्याला दचकवायला ठेवतात. मला ते पटत नाही. जे अन्न लोक पिढ्यान् पिढ्या खातात ते तमाशा म्हणून वाढणे हा त्या लोकांचा अपमान आहे. भात, आमत आणि चापडा असे नीट जेवण वाढा. मग चटणी आपोआप तिच्या जागी बसते.

शहरातल्या नव्या पिढीच्या जागांपैकी एकीचा उल्लेख टाळता येत नाही. 2013 मध्ये सुरू झालेल्या नुक्कड या चहागृहात ऐकू न येणारी तरुण मुले-मुली वाढतात, तृतीयपंथी व्यक्तींनाही तिथे काम मिळाले. मागणी खुणांनी किंवा लिहून द्यायची. टेबलावर मोबाइल बाजूला ठेवणाऱ्याला सवलत देण्याचाही प्रयोग त्यांनी केला. तिथला चहा चांगला असतो, पण महत्त्वाचे हे की इथे येणारी महाविद्यालयीन मुले दोन-चार खुणा शिकून जातात. बाहेर खाण्याच्या आढाव्यात वाढणाऱ्या माणसांचा विचार क्वचित होतो. कॉफी हाउस, गढकलेवा आणि नुक्कड ही रायपूरची तीन ठिकाणे मला म्हणूनच जवळची आहेत. तिन्हीकडे राबणाऱ्याला चेहरा आहे.

बिलाबद्दल थोडक्यात. साध्या रेस्टॉरंटला नोव्हेंबर 2017 पासून 5 टक्के जीएसटी आहे, महागड्या खोल्यांच्या तारांकित हॉटेलांत तो 18 टक्के पडतो. सेवा शुल्क सक्तीने लावता येत नाही, हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये उचलून धरले.

शेवटी भात. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात धानाच्या 23,000 हून अधिक वाणांचा संग्रह आहे. त्याचा पाया डॉ. आर. एच. रिछारिया यांनी 1970 च्या दशकात गावोगाव फिरून घातला. 2002 मध्ये हा ठेवा एका बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीबरोबरच्या कराराखाली जाईल अशी चिन्हे दिसली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि करार बारगळला. ज्या शहराने आपल्या धानासाठी असे भांडण केले त्याच शहरात आज हॉटेलात बसा: कार्डावर स्टीम राईस, जीरा राईस, फ्राईड राईस असे लिहिलेले असते, कोणता तांदूळ ते लिहिलेले नसते. बिर्याणीला बाहेरून आलेला बासमती. सरगुज्याच्या जीराफूलला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, धमतरी जिल्ह्यातल्या नगरी दुबराजला 2023 मध्ये. विष्णुभोग आणि बादशाहभोग घराघरांत सणाला शिजतात. दुबराज शिजत असताना शेजारच्या घराला कळते, इतका त्याचा वास. हॉटेलवाल्यांना यासाठी नवा आचारी नको, निखारे नकोत की पळसाची पाने नकोत. तोच कुकर, तेच पाणी. फक्त पोते बदलायचे आहे आणि कार्डावर एक ओळ लिहायची आहे. नगरीच्या दुबराजचे मानांकन महिला बचत गटाच्या मागणीवरून मिळाले. त्या बायका तांदूळ पिकवतात, पाकिटे भरतात, प्रदर्शनांत विकतात. हा तांदूळ घेण्यासाठी रायपूरच्या हॉटेलांना राज्याच्या सीमेपलीकडे जावे लागणार नाही.